जिनिव्हाचे आठ तास आणि परळचा रविवार

रविवारी सकाळी आपण शुभ्र वस्त्रे परिधान करून विहारात जातो, वंदना घेतो, मुलांना धम्मवर्गाला बसवतो आणि दुपारी घरी येऊन चार माणसांत बसून जेवतो. हा रविवार आपल्याला कोणी दिला, असे एखाद्या मुलाने विचारले तर बहुतेक आईबाप सांगतील की इंग्रजांनी दिला, तो त्यांचा चर्चमध्ये जायचा वार. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. सरकारी कचेऱ्यांतल्या बाबूंना रविवार इंग्रजांमुळे मिळाला. गिरणीतल्या माणसाला तो मागून, सभा भरवून, सह्या गोळा करून मिळवावा लागला. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली. त्या सभेत दोन कामगार भगिनीही उठून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली.

रविवारची गोष्ट निदान आपल्याकडे जयंतीच्या व्याख्यानांत ऐकायला मिळते. दिवसाला आठ तासच काम, ही मागणी जगातल्या कामगारांपुढे कोणी ठेवली, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. उलट एक वाक्य सरसकट फेकले जाते, की चौदा तासांचे आठ तास बाबासाहेबांनी एका फटक्यात केले. परमपूज्य बाबासाहेबांचे या बाबतीतले श्रेय फार मोठे आहे, आणि ते खऱ्या आकड्यांत सांगितले तर आणखी भक्कम होते. ते आकडे पुढे देणारच आहोत. परंतु त्याआधी वाचकांना दीडशे वर्षांहून जुन्या युरोपात न्यावे लागेल. तिथे शिंपी, सुतार, जोडे शिवणारे आणि घड्याळजी यांनी एकत्र बसून एक संघटना उभी केली होती. ती जेमतेम बारा वर्षे जगली. तिचे नाव आंतरराष्ट्रीय कामगार संघ. पुढे लोक तिला ‘पहिले इंटरनॅशनल’ म्हणू लागले.

एका स्त्रीने आधीच सांगितले होते

या कथेची सुरुवात बहुतेक पुस्तके कार्ल मार्क्सपासून करतात. आम्ही ती फ्लोरा त्रिस्तान या फ्रेंच बाईपासून करतो. कौटुंबिक पानाच्या वाचक भगिनींना तिचे नाव माहीत असायलाच हवे. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून घराबाहेर पडलेली ही बाई. त्या काळी फ्रान्समध्ये घटस्फोटाला परवानगी नव्हती. १८४३ साली तिने ‘कामगारांची एकजूट’ या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. सगळ्या धंद्यांतल्या, सगळ्या देशांतल्या कामगारांनी, स्त्री आणि पुरुष दोघांनी, वर्षाकाठी थोडी वर्गणी काढावी. त्यातून गावोगाव मोठ्या वास्तू बांधाव्यात. तिथे मुलांना शिक्षण मिळावे, म्हाताऱ्या आणि जायबंदी कामगारांना आसरा मिळावा, अशी तिची योजना होती. त्याच पुस्तकात तिने पुरुष कामगारांना खडसावले, की तुम्ही मालकाच्या जुलमाबद्दल रडता, पण घरातल्या बाईवर तुमचाच जुलूम चालतो. तिला शिक्षण आणि हक्क दिल्याशिवाय तुमची सुटका नाही.

पुस्तक छापायला प्रकाशक मिळेना, म्हणून तिने दारोदार फिरून वर्गणी जमवली. १८४४ मध्ये ती गावोगाव कामगारांच्या सभा घेत फिरली आणि त्याच दौऱ्यात आजारी पडून बोर्दो शहरात वारली. तेव्हा तिचे वय अवघे ४१ होते. चार वर्षांनी, १८४८ मध्ये, पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण बाईला शिकवल्याशिवाय दबलेला समाज उठत नाही, हे दोन खंडांत दोन ठिकाणी जवळपास एकाच सुमारास कळले होते, एवढे मात्र खरे.

लंडनच्या सभागृहात

आता संघाच्या जन्माकडे येऊ. १८६२ मध्ये लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. फ्रान्सच्या बादशहाला, तिसऱ्या नेपोलियनला, आपण कामगारांचे कैवारी आहोत असे दाखवायचे होते. त्याने कामगारांचे प्रतिनिधी सरकारी मदतीने लंडनला पाठवले. यंत्रे बघायला गेलेल्या या माणसांनी यंत्रांपेक्षा तिथल्या कामगार संघटना अधिक बारकाईने पाहिल्या. पुढच्याच वर्षी पोलंडच्या जनतेने रशियाच्या झारविरुद्ध उठाव केला. त्याला पाठिंबा देण्यासाठी जुलै १८६३ मध्ये लंडनला सभा झाली, तिलाही पॅरिसचे कामगार आले.

या भेटींमागे पोटाचे कारणही होते. इंग्लंडमध्ये कुठे संप झाला की मालक समुद्रापलीकडून, बेल्जियम, फ्रान्स वा जर्मनीतून, कमी मजुरीवर माणसे आणत आणि संप मोडत. आलेल्या माणसाला संप चालू आहे हे ठाऊकही नसे. तो उपाशी असे, भाडे मालकाने दिलेले असे, म्हणून तो येई. जॉर्ज ओजर नावाच्या लंडनच्या जोडे शिवणाऱ्या कामगाराने फ्रेंच कामगारांना उद्देशून एक निवेदन लिहिले. त्याचा आशय असा, की आपण एकमेकांना ओळखत नाही म्हणून मालक आपल्याला एकमेकांविरुद्ध वापरतो, तेव्हा ओळख करून घेऊ.

त्या निवेदनाचे उत्तर घेऊन फ्रेंच प्रतिनिधी लंडनला आले, आणि २८ सप्टेंबर १८६४ रोजी सेंट मार्टिन हॉलमध्ये सभा भरली. अध्यक्षस्थानी एडवर्ड बीझली हे इतिहासाचे प्राध्यापक होते. सभेत संघ स्थापन झाला. त्याच्या केंद्रीय समितीचा पहिला अध्यक्ष ओजर, म्हणजे जोडे शिवणारा. पहिला चिटणीस विल्यम क्रीमर, म्हणजे सुतार. या सुताराला पुढे १९०३ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मन कामगारांच्या वतीने बोलला तो योहान एकारिउस, शिंपी. स्वित्झर्लंडतर्फे हर्मान युंग, घड्याळजी. फ्रेंचांचा पुढारी आंरी तोलँ, काशाच्या वस्तूंवर कोरीवकाम करणारा. एजेन द्युपों वाद्ये बनवणारा. आपल्या गावच्या बलुतेदारांची यादीच वाचतो आहोत असे वाटते! फरक एवढाच, की त्यांचा धंदा त्यांच्या जन्माला चिकटलेला नव्हता. सुताराच्या पोराने शिंपीकाम धरले म्हणून कोणी त्याचे पाणी तोडत नव्हते. हा फरक लहान नाही, आणि त्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

त्या सभेत व्यासपीठावर एक दाढीवाला जर्मन गृहस्थ एक शब्दही न बोलता बसला होता. तो कार्ल मार्क्स. संघाची कल्पना त्याची नव्हती, सभाही त्याने बोलावली नव्हती. पण नियमावली लिहायची वेळ आली तेव्हा इतरांचे मसुदे जमेनात, आणि काम त्याच्याकडे आले. नियमावलीच्या सुरुवातीलाच त्याने घातले, की कामगारवर्गाची मुक्ती कामगारवर्गानेच मिळवायची आहे, आणि कर्तव्याविना हक्क नाही, हक्काविना कर्तव्य नाही. स्वतःच स्वतःचा आधार व्हा, अशी तथागतांची शिकवण ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला यातला पहिला भाग परका वाटणार नाही.

तोच कापूस, तीच गुलामी

संघाने आरंभीच केलेल्या कामांपैकी एक आपल्या जिव्हाळ्याचे आहे. अमेरिकेत तेव्हा गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले होते. दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला कापूस उत्तरेच्या नाकेबंदीमुळे इंग्लंडला येईनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, लाखो माणसे धर्मादाय अन्नावर जगू लागली. इंग्लंडमधल्या अनेक धनिकांना वाटत होते की दक्षिणेची बाजू घ्यावी आणि कापूस सुरू करावा. अशा वेळी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन अब्राहम लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठवले. आपली चूल बंद पडली तरी चालेल, गुलामाच्या हातचा कापूस नको, असा त्याचा अर्थ होता. लिंकन यांनी १९ जानेवारी १८६३ रोजी त्यांना उत्तर लिहिले. पुढे लिंकन दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा नव्या संघानेही त्यांना अभिनंदनाचे पत्र पाठवले. ते मार्क्सने लिहिले होते. अमेरिकेच्या वकिलातीमार्फत जानेवारी १८६५ मध्ये त्याला पोच आणि उत्तर आले.

आता हेच युद्ध मुंबईतून पाहा. अमेरिकेचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी करोडो मिळवले, प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघरी झाले, समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे शेअर्स वाटेल त्या भावाने विकले गेले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती शरण आला, आणि पाठोपाठ तो सारा फुगा फुटला. मँचेस्टरचा उपाशी विणकर गुलामाच्या बाजूने उभा राहिला. आमच्या शहरातला पैसेवाला त्या युद्धात भावाचा तक्ता बघत होता.

पण महाराष्ट्रात एक माणूस ते युद्ध निराळ्या डोळ्यांनी पाहत होता. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्याच साली २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. लोखंडे त्याच मुशीतून आले, हे विसरून चालणार नाही.

जिनिव्हात काय ठरले

संघाचे पहिले अधिवेशन ३ ते ८ सप्टेंबर १८६६ या काळात स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहरात भरले. साठ प्रतिनिधी आले होते. आठ तासांचा विचार त्याआधीही होता. इंग्लंडच्या रॉबर्ट ओवेन यांनी तो मांडला होता, आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ मध्ये तो प्रत्यक्षात मिळवलाही होता. अमेरिकेतही त्याच वर्षी ही मागणी उठली. परंतु निरनिराळ्या देशांच्या कामगारांनी एकत्र बसून, कायद्याने कामाचा दिवस आठ तासांचा झाला पाहिजे, असा ठराव केला तो जिनिव्हात.

मुलांबद्दलही तिथे ठरले. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तास, १३ ते १५ वयाच्यांना चार तास आणि १६-१७ वयाच्यांना सहा तास, याहून जास्त काम नसावे. आणि शिक्षणाची जोड असल्याशिवाय आईबापाला वा मालकाला मुलाकडून काम करून घेण्याची परवानगीच नसावी. आज आपल्याला नऊ वर्षांच्या मुलाचे दोन तासही खटकतील आणि ते योग्यच आहे. परंतु शेजारी आपला कायदा ठेवून पाहा. पंधरा वर्षांनी, १८८१ मध्ये, हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात ७ ते १२ वयाच्या मुलाला दिवसाचे नऊ तास राबवण्याची मुभा होती, आणि मोठ्या माणसाच्या तासांना कसलीच मर्यादा नव्हती.

या अधिवेशनात एक वाद झाला, त्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. फ्रेंच पुढारी तोलँ याने सूचना मांडली की स्वतः हाताने काम करणाऱ्यालाच प्रतिनिधी होता यावे, लेखक-विद्वानांना येऊ देऊ नये. आपल्या दुःखाबद्दल आपणच बोलावे, परक्याने नेतृत्व करू नये, ही भावना आपल्याला समजते, कारण आपल्या चळवळीने तिची किंमत मोजली आहे. अधिवेशनाने मात्र ती सूचना फेटाळली. पाच वर्षांनी पॅरिसचा कामगार रस्त्यावर मरत होता तेव्हा हाच तोलँ सरकारच्या बाजूच्या सभागृहात खुर्ची धरून बसला होता, आणि संघाने त्याला काढून टाकले. हात घट्टे पडलेले आहेत एवढ्यावरून माणूस ओळखता येत नाही, असे म्हणावे लागते.

स्त्रियांच्या प्रश्नावर तर जिनिव्हात पुरुषी डोकी चांगलीच उघडी पडली. फ्रेंच गटाचे म्हणणे होते की बाईची जागा घरात आहे, कारखान्यात नव्हे. वार्लँसारख्या काहींनी विरोध केला, की बाईला काम नाकारू नका, तिला पुरेशी मजुरी मिळवून द्या. पुढे लंडनच्या समितीवर हॅरिएट लॉ या एकट्या बाई आल्या. साऱ्या काळात एकच!

रिकामा खजिना, मोठा दरारा

युरोपातली वर्तमानपत्रे लिहीत की या संघाकडे लाखो पौंड आहेत आणि त्याच्या एका इशाऱ्यावर संप होतात. खरे पाहता संघाचा खजिना बहुतेक वेळा रिकामा असे. मग कामे कशी होत? पत्रे लिहून, निरोप पोचवून, एका गावची वर्गणी दुसऱ्या गावी नेऊन. लंडनच्या टोपल्या विणणाऱ्या कामगारांचा १८६७ मध्ये मालकांशी झगडा झाला. मालकांनी बेल्जियमहून कारागीर आणून त्यांना पहाऱ्यात ठेवले, बाहेरच्यांशी बोलू दिले नाही. संघाच्या माणसाने युक्तीने त्यांची गाठ घेतली, त्यांच्याच भाषेत परिस्थिती सांगितली, आणि ते माघारी गेले. त्याच वर्षी पॅरिसच्या काशाकाम करणाऱ्यांना मालकांनी संघटना सोडा नाहीतर चालते व्हा असे सांगितले, तेव्हा लंडनच्या कामगार संघटनांनी त्यांना मदत उभी करून दिली, आणि मालकांना माघार घ्यावी लागली. १८६८ मध्ये जिनिव्हाच्या बांधकाम कामगारांच्या वेळीही असेच झाले.

यातला आमचा आवडता माणूस एजेन वार्लँ. पुस्तके बांधणारा बुकबाइंडर. त्याच्या संघटनेत बायांना बरोबरीने सभासद करून घेतले जाई. १८६८ मध्ये त्याने नाताली लमेल या बुकबाइंडर बाईबरोबर पॅरिसमध्ये एक सहकारी भोजनगृह काढले. नाव होते ‘ला मार्मीत’, म्हणजे आपल्या भाषेत ‘हंडी’. कामगारांनी थोडे थोडे पैसे घालून ते चालवायचे, स्वस्तात चांगले जेवण मिळायचे, आणि जेवता जेवता वर्तमानपत्र वाचून चर्चा व्हायची. ज्यांनी गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या आयाबहिणी पाहिल्या आहेत, त्यांना त्या हंडीचे मोल कळेल. चळवळीला भाषण लागते तसे कोणीतरी भातही शिजवावा लागतो.

१८ मार्च १८७१ रोजी पॅरिसच्या जनतेने शहराचा कारभार हाती घेतला. हेच पॅरिस कम्यून. ते दोन महिने टिकले. संघाचे अनेक सभासद त्यात होते. मजूर खाते लिओ फ्रांकेल या हंगेरियन सोनाराकडे होते, म्हणजे परदेशी माणसाकडे, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. भट्टीवाल्या कामगारांकडून रात्री पाव भाजून घेणे कायद्याने बंद झाले. एलिझाबेथ दिमित्रीएफ या विशीतल्या रशियन मुलीने स्त्रियांची संघटना उभी केली. मग सरकारी फौज शहरात शिरली आणि मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात हजारो माणसे मारली गेली. २८ मे रोजी वार्लँला ओळखून पकडले, रस्त्यातून मारहाण करीत नेले आणि गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये संघाचा सभासद असणे हाच गुन्हा ठरवण्यात आला.

कलकत्त्याचे पत्र

या रक्तपातानंतर तीन महिनेही झाले नव्हते. १५ ऑगस्ट १८७१ रोजी लंडनला केंद्रीय समितीची बैठक भरली. (तारीख पाहून वाचक चमकतील, पण तो निव्वळ योगायोग.) त्या बैठकीत कलकत्त्याहून आलेले एक पत्र वाचण्यात आले. हिंदुस्थानात शाखा काढण्याचा अधिकार मिळावा, अशी त्यात मागणी होती. लोकांत मोठा असंतोष आहे, करांचा बोजा जबर आहे, तो पैसा खर्चिक नोकरशाही पोसण्यात जातो, आणि वरच्या वर्गाची चैन एकीकडे व राबणाऱ्यांची दैना दुसरीकडे असे चित्र आहे, असा पत्राचा मजकूर. समितीने चिटणिसाला उत्तर लिहायला सांगितले: शाखा काढा, ती स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, आणि एतद्देशीय लोकांना तिच्यात घेणे जरूरीचे आहे.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. कलकत्त्यात शाखा निघाली तर ती गोऱ्या कारागिरांचा क्लब होऊ नये, अशी काळजी त्यात दिसते. १८७१ मध्ये लंडनच्या माणसांना एवढे सुचावे ही साधी गोष्ट नव्हे. पण ‘एतद्देशीय’ म्हणजे कोण? कलकत्त्याचा भद्रलोक वकीलही एतद्देशीय आणि त्याच्या वाड्याचा मैला उचलणाराही एतद्देशीय. त्या एका शब्दाच्या पोटात केवढी उतरंड आहे, हे लंडनच्या घड्याळजीला कळायला मार्ग नव्हता. पुण्यात मात्र एकाला ते कळले होते. जोतीरावांनी १८६८ मध्येच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता.

संघाची शाखा हिंदुस्थानात रुजली नाही, कारण मूळ झाडच वाळायला लागले होते. मार्क्स आणि रशियन क्रांतिकारक बाकुनिन यांचे जुळेना. मार्क्सच्या गटाला वाटे की कामगारांनी राजकीय पक्ष काढून सत्ता मिळवावी. बाकुनिनच्या मते कोणतीही राजसत्ता ही नवी बेडीच. वरून हुकूम सोडणारी केंद्रीय समितीसुद्धा त्याला नको होती. मुद्दे दोघांचेही विचार करण्यासारखे होते. परंतु त्यांच्याभोवती गट जमले, गुप्त पत्रे, आरोप, प्रत्यारोप सुरू झाले. गटबाजी म्हणजे काय हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. सप्टेंबर १८७२ मध्ये हेग शहरी भरलेल्या अधिवेशनात बाकुनिनला काढून टाकण्यात आले आणि केंद्रीय समितीची कचेरी न्यूयॉर्कला हलवण्यात आली. त्याच महिन्यात बाकुनिनच्या बाजूच्या लोकांनी स्वित्झर्लंडमध्ये सेंटिमिए येथे वेगळी चूल मांडली. १८७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाला मूठभर प्रतिनिधी जमले आणि त्यांनी संघ विसर्जित केला.

दुसरा डाव

१४ जुलै १८८९ रोजी पॅरिसला पुन्हा अनेक देशांचे समाजवादी कामगार जमले. यालाच दुसरे इंटरनॅशनल म्हणतात. आठ तासांसाठी सर्व देशांत एकाच दिवशी निदर्शने करायची असे तिथे ठरले. अमेरिकेच्या कामगारांनी त्यासाठी १ मे १८९० हा दिवस आधीच नक्की केला होता, म्हणून तोच घेतला. त्यामागे शिकागोची १८८६ ची चळवळ आणि तिथे फासावर गेलेले कामगार पुढारी होते. आपल्या देशात पहिला मे दिन मद्रासला १९२३ मध्ये सिंगारवेलू यांनी साजरा केला. क्लारा झेटकिन याच पॅरिसच्या सभेत बाईच्या काम करण्याच्या हक्कासाठी बोलल्या, आणि १९१० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कोपनहेगनला महिला दिनाची कल्पना मान्य झाली.

हिंदुस्थानचा आवाज या व्यासपीठावर दोनदा ठळकपणे उमटला. १९०४ मध्ये ॲम्स्टरडॅमला दादाभाई नौरोजी बोलायला उभे राहिले तेव्हा सारी सभा उठून उभी राहिली. १९०७ मध्ये स्टुटगार्टला मादाम कामांनी भारताचा झेंडा फडकवला. परंतु त्याच स्टुटगार्टच्या अधिवेशनात, वसाहती ठेवण्यात तत्त्वतः गैर काही नाही, असे म्हणणारा मसुदाही पुढे आला होता. तो १०८ विरुद्ध १२७ मतांनी पडला. म्हणजे समाजवादी म्हणवणाऱ्यांतही जवळपास निम्म्यांना काळ्या-सावळ्या माणसांवर गोऱ्यांचे राज्य चालत होते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, आणि बहुतेक पक्षांनी आपापल्या सरकारला युद्धासाठी पैसा मंजूर केला. जगाच्या एकजुटीच्या गोष्टी करणारे कामगार एकमेकांवर बंदुका रोखून खंदकात उतरले. दुसरा डाव तिथे मोडला.

धोटा आणि उष्टा धागा

आता मुंबईला या. ज्यांच्या घरातली मागची पिढी गिरणीत होती त्यांना हे ऐकून माहीत असेल. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. तो कताईच्या रिंग खात्यात खपायचा. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपण कसा तोंडाला लावायचा, असा सवर्ण कामगाराचा सवाल. दोघेही कामगार, दोघेही एकाच मालकाचे नोकर, दोघांचाही भोंगा एकच! आणि मधे ही थुंकीएवढी भिंत.

१९२८ च्या प्रचंड संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले, की आमच्या माणसांना विणकाम खात्यात काम करण्याचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर त्यांना संपात राहा असे मी सांगणार नाही. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने घातली. मालकांनी त्यावर टोमणा मारला, की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. मालकाच्या तोंडून निघाले असले तरी ते खोटे नव्हते, आणि हीच लाजेची गोष्ट होती. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेवरच्या आपल्या न झालेल्या भाषणात दाखवून दिले, की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वरखाली केलेली वाटणी आहे. लंडनच्या त्या शिंप्या-सुतारांच्या संघाला जे दिसणे शक्य नव्हते ते हे. ‘जगातल्या कामगारांनो’ अशी हाक मारण्याआधी एका चाळीतल्या, एका नळावरच्या कामगारांना एकत्र पाणी भरता आले पाहिजे.

काही तरुण मित्र म्हणतात, मग त्या लाल इतिहासाशी आपले काय देणेघेणे? असे म्हणणे बाबासाहेबांना मान्य झाले नसते. त्यांनी त्याच १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू त्यांनी सांगितले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध ते कम्युनिस्टांबरोबर संपात उतरले, मतभेद पोटात घालून नव्हे तर उघड ठेवून. आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या जेमतेम पंधरा दिवस आधी, काठमांडूच्या बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स हाच विषय घेतला. ध्येय बरेचसे एक, मार्ग मात्र वेगळा, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याला उत्तर द्यायचे त्याला आधी वाचावे लागते, एवढे तरी त्यातून घ्यावे.

राहिले आठ तासांचे आकडे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि काम चौदा-पंधरा तासांवर गेले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचे तास बारा केले. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची पहिली परिषद भरली आणि तिने आठ तासांचा दिवस व ४८ तासांचा आठवडा हा पहिलाच करार केला. म्हणजे जिनिव्हाची मागणी आता सरकारांनी मान्य केली. मात्र त्यातून ब्रिटिश हिंदुस्थानला वगळून आठवड्याला ६० तास ठेवण्यात आले! १९२२ मध्ये दिवसाला अकरा आणि आठवड्याला ६०, १९३४ मध्ये दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४, असे ते पायरी पायरीने उतरले. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. वॉशिंग्टनला आपल्याला नाकारलेला ४८ तासांचा आठवडा बारमाही कारखान्यांना लागू करणारे बिल त्यांनी १९४६ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, आणि ते त्याच वर्षी मंजूर झाले. त्या सप्टेंबरात जिनिव्हाच्या ठरावाला ऐंशी वर्षे पूर्ण होत होती.